मूळ परत, नक्कल कपाटात

माझ्या लग्नाची एक फाइल होती. गोंदियातल्या एका शेठजींच्या कचेरीत, हिरव्या रंगाच्या लोखंडी कपाटात, सगळ्यांत खालच्या खणात ती उभी करून ठेवलेली होती. फाइल नीट राहिली, लग्न मात्र त्या घरी झालं नाही. यात दोष कपाटाचा की माझ्या वडिलांचा, यावर मी जन्मभर स्वतःशीच भांडत आले आहे. कपाट बिचारं मुकं होतं, आणि वडिलांशी भांडायची आमच्या वेळी सोय नव्हती.

वडिलांना आम्ही बाबूजी म्हणत असू. शेठजींचा लाखेचा, हिरड्याचा आणि तांदळाचा व्यापार होता. त्या कचेरीत बाबूजी मुख्य कारकून होते, म्हणून गावभर त्यांना ‘बडे बाबू’ म्हणत. कचेरीत ते हिंदी बोलत आणि घरी मायशी आपली झाडीची बोली. माय कधी शाळेत गेली नाही, पण बाबूजींना उत्तर द्यायला तिला शाळेची गरजही पडली नाही.

कागद सांभाळायचं काम आमच्या घरात आजापासून होतं. आजा कामठ्याकडच्या एका मालगुजार जमीनदाराच्या कचेरीत दप्तर राखायचा. तेव्हा कपाट वगैरे काही नव्हतं. प्रत्येक गावाचा एक बस्ता, म्हणजे लाल खारव्याच्या फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं. असे सगळे बस्ते छताच्या फाट्यांना दोरीने टांगलेले असत, कारण खाली ठेवले की वाळवी आणि उंदीर आपला हिस्सा आधी काढून घेत. एक कागद हवा असला की अख्खं गाव खाली उतरवायचं, गाठ सोडायची, जमिनीवर पसरायचं आणि शोधत बसायचं. शोधता शोधता भलतेच कागद हाती येत. “अरे, याचं तं राहूनच गेलं,” असं म्हणत आजा ज्याचं काम राहिलं असेल त्याला निरोप धाडायचा. ही कामाची पद्धत गबाळी होती खरी. पण तीत विसरलेला माणूस अधूनमधून आठवायचा, हे मला फार नंतर कळलं.

एका वर्षी वाळवी फाट्यावरूनच खाली उतरली. एका कुळाने विश्वासाने आणून दिलेला शेताचा मूळ पट्टा त्या बस्त्यात होता. फडकं सोडलं तर आत नुसती माती. पट्टा गेला म्हणून त्याचं शेत भाऊबंदांनी बळकावलं. तो माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. भांडायचा नाही, काही मागायचा नाही, नुसता बसायचा आणि ऊन उतरलं की उठून जायचा. बाबूजी तेव्हा लहान होते. त्याला पाणी नेऊन द्यायचं काम त्यांच्याकडे असायचं, आणि आजा त्या वेळी घरात असूनही बाहेर येत नसे. हे बाबूजींनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे बघत.

शेठजींकडे बाबूजी लागले तेव्हा तिथे बस्ते नव्हते, पण फार काही निराळंही नव्हतं. आलेली पत्रं भिंतीवरच्या आकड्याच्या तारेत भोसकून ठेवायची. तार भरली की कागद काढून, दुमडून, पाठीवर नाव लिहून लाकडी कप्प्यांत कोंबायचे. दुमडलेला कागद उलगडताना घडीवर फाटायचा आणि नेमकी रक्कमच तिथे असायची. गेलेल्या पत्राची नक्कल ओल्या पातळ कागदावर लोखंडी दाबयंत्राने उमटवत. पावसाळ्यात त्या नकला एकमेकींना चिकटून पापडाची थप्पी व्हायची. बाबूजींचा या सगळ्यावर फार राग होता.

मग ते कपाट आलं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. शेठजींनी कलकत्त्याच्या एका पेढीत तसलं कपाट पाहिलं होतं आणि बाबूजींनी वर्षभर कानाशी भुणभुण लावून ते मागवायला लावलं. ते मालगाडीने आलं, पेंढ्यात गुंडाळून. स्टेशनावरून बैलगाडीत घालून आणताना बाजारातली माणसं मागे चालत आली, जणू काही गणपतीच येतो आहे. कचेरीच्या पायरीवर नारळ फुटला. चार खण, एकावर एक. शेठजींनी स्वतः वरचा खण ओढला. तो एवढा पुढे आला की ते दचकून मागे सरले. “बाबू, ये अलमारी है कि तोप?” असं त्यांनी विचारल्याचं बाबूजी पुढे कितीतरी वर्षं हसत सांगत.

मी ते दसऱ्याला पाहिलं. त्या दिवशी कचेरीत पूजा असे आणि बायकापोरींना आत जाता येई. कपाटाला हळदकुंकू लावलेलं, मुठींना झेंडूच्या माळा. बाबूजींनी मला एक खण उघडून दाखवला. आत कागद झोपलेले नव्हते, पुठ्ठ्याच्या पाकिटांत ओळीने उभे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नावाची चिठ्ठी. “एक काढायला दुसऱ्याले हात लावा लागत नाही,” बाबूजी म्हणाले. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. माझ्या जन्माच्या वेळीही ते एवढे खूश नसावेत, असं माय घरी येऊन म्हणाली.

कपाटाबरोबर बाबूजींनी कचेरीला एक नियम लावला. कोणी कसलाही मूळ कागद आणून दिला, विक्रीखत असो, पट्टा असो, की त्याची नक्कल करायची, नक्कल कपाटात उभी करायची आणि मूळ ज्याचं त्याला लगेच परत. सोबत एक चिठ्ठी: मूळ परत, पोच द्यावी. दुसऱ्याचं मूळ आपल्या छपराखाली एक रात्रसुद्धा जास्त राहता कामा नये. सुरुवातीला मुनीम कुरकुरले. पण आसपासच्या गावांतले शेतकरी म्हणू लागले की बडे बाबूच्या हाती कागद द्यायला भीती नाही. बाबूजींना तेवढंच हवं होतं. आमच्या ओट्यावर बसून राहणारा तो माणूस त्यांच्या मनातून कधी उठलाच नव्हता.

मी सगळ्यांत थोरली. माझ्यासाठी पहिलं स्थळ आलं ते सौंदडचं. धानाच्या शेतीचं घर, आणि मुलगा तिथल्याच शाळेत मास्तर. छोट्या लाईनीच्या गाडीने ते लोक मला पाहायला आले. मुलाचा काका मोठा कडक. त्याने मला उठून चालून दाखवायला सांगितलं. मी उठणार, तोच मुलगा खाली मान घालून म्हणाला, “काका, आपन बैल पाहाले आलो का?” काकाचा चेहरा उतरला. माय स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून हसली. मी काही हसले नाही. मी त्याच्याकडे पाहिलं, एकदाच आणि नीट. मला हाच माणूस हवा होता. आज हे लिहायला मला लाज वाटत नाही. तेव्हा मात्र मी ते उशीलाही सांगितलं नसतं.

आमच्या लोकांत तेव्हा अशी पद्धत होती. मुलगी पसंत पडली की मुलाकडचे मुलाची पत्रिका धाडत. मुलीकडचे ती देवापाशी ठेवत आणि गुरुजीला दाखवत. होकार असला तर पत्रिका ठेवून घ्यायची आणि वडीलमाणसाने नारळ घेऊन स्वतः जायचं. होकार पत्राने कळवणं कोतेपणाचं समजत. आणि नकार असला तर काही बोलायचं नाही, लिहायचं नाही, पत्रिका तेवढी परत धाडायची. कोणाचा अपमान नको, कोणाला कारण सांगायला नको. पत्रिका परत आली की समोरचे समजून जात आणि दुसरीकडे बघत.

सौंदडहून पत्रिका आली, तेव्हा मार्गशीर्ष संपत आला होता. गुरुजींनी ती माझ्या पत्रिकेशी ताडून पाहिली आणि बाबूजींच्या पाठीवर थाप मारली. सगळं जुळत होतं. फक्त पौष लागत होता, आणि पौषात कोणी लग्नाचा शब्द काढत नाही. म्हणून ठरलं असं, की माघ लागला की चांगला दिवस पाहून बाबूजी नारळ घेऊन जातील.

माय म्हणाली, “पत्रिका आना, देवापाशी ठेवतो.”

“देवघरात उंदीर होऊन राहिले,” बाबूजी म्हणाले. “मी कचेरीत नीट व्यवस्था केली आहे.”

मायला ते पटलं नाही. देवापेक्षा लोखंड बरं का, म्हणून ती दोन दिवस धुसफुसली. पण सोन्यासारखं स्थळ चालून आलं होतं, उगीच वाद कशाला वाढवा, म्हणून गप्प बसली. मला तर ते आवडलंच. माझं नशीब त्या झेंडू ल्यायलेल्या कपाटात सुखरूप उभं आहे, असं मला वाटत राहिलं. पौषभर मी वाल निवडताना, धान पाखडताना मनातल्या मनात सौंदडच्या शाळेच्या घंटा वाजवत होते.

माघात बाबूजी गेले. नवं धोतर, कोट, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. संध्याकाळच्या गाडीने परतले तेव्हा नारळ त्यांच्याच हातात होता.

माय ताडकन उठली. बाबूजी पाटावर बसले, टोपी काढली आणि सरळ सांगून टाकलं. मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दुसऱ्या मुलीशी आदल्याच दिवशी झालं होतं. ते ओसरीत शिरले तर सतरंज्या अजून उचलायच्या होत्या. मुलगा शाळेत गेला होता. मुलाच्या वडिलांनी बसवलं, चहा दिला, धानाची चौकशी केली. नारळाकडे मात्र कोणी पाहिलं नाही. शेवटी बाबूजींनीच विषय काढला, तेव्हा त्या गृहस्थाने आत जाऊन एक चिठ्ठी आणली आणि पुढे ठेवली. अक्षर बाबूजींचंच: मूळ परत, पोच द्यावी.

मायला क्षणभर काही कळेना. मग कळलं. बाबूजींनी पत्रिकेची सुंदर नक्कल केली होती. माझ्या नावाची फाइल उघडून ती खालच्या खणात ठेवली होती. आणि मूळ पत्रिका, कचेरीच्या इतर कागदांबरोबर, त्याच आठवड्यात सौंदडला परत धाडली होती.

“काऊन धाडली?” माय ओरडली. “लोकाचा पोरगा का शेताचा पट्टा आहे?”

“मूळ त्यायचं होतं,” बाबूजी म्हणाले. आवाज अगदी बारीक. “आपल्यापाशी ठेवून हरवली असती तं?”

“तुमाले माहीत नव्हतं, परत धाडणं म्हंजे काय ते?”

त्यांना माहीत होतं. हेच तर मला आजही सहन होत नाही. लहान पोराला माहीत असतं ते बाबूजींना माहीत नसेल का? पण पत्रिका कचेरीच्या टेबलावर आल्याबरोबर ती त्यांच्या लेखी पत्रिका राहिली नाही. तो दुसऱ्याचा मूळ कागद झाला, आणि त्यांचा हात वर्षानुवर्षं जे करत आला होता तेच त्याने केलं. नकार द्यायचं त्यांच्या मनातही नव्हतं. होकार तर नारळासकट सांगायचा होता. आपण काही उत्तर दिलं आहे, हे त्यांना सौंदडच्या ओसरीत ती चिठ्ठी पाहेपर्यंत ठाऊकच नव्हतं. “पोच आली नाही तेव्हाच समजायला पाहिजे होतं मी,” ते स्वतःशीच म्हणाले. मायने तो नारळ त्यांच्या हातातून काढून घेतला आणि देवापाशी नेऊन ठेवला. त्या रात्री कोणी जेवलं नाही.

कोणी म्हणेल, मग सांगायचं ना त्यांना, की गैरसमज झाला. बाबूजींनी सांगितलंच. पण ज्या मुलीशी साक्षगंध झालं तिचा काय दोष? तिच्या बापाच्या ओट्यावर कोणी जाऊन बसायचं? मुलाचे वडील तेवढंच म्हणाले, की झालं ते झालं, आता बोलून दोन घरं कशाला नासवायची. बाबूजींनाही ते पटलं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं, आणि मनात सगळ्यांना शिव्या दिल्या असत्या.

मला बाबूजींचा फार राग आला. तो राग त्यांनी माझ्यासाठी दुसरी स्थळं पाहायला सुरुवात केली तेव्हा आणखी वाढला, आणि त्यांनी कचेरीतला नियम बदलला नाही हे कळलं तेव्हा तर डोक्यात गेला. ते रोज जात, कपाट उघडत, नकला उभ्या करत आणि लोकांचे मूळ कागद लोकांना परत करत. बाहेर त्यांचं नाव होतच राहिलं. आम्ही दोघं मात्र एकमेकांशी कामापुरतंच बोलू लागलो. कधी कधी ते माझ्या ताटात दुधावरची साय वाढायला मायला खुणेने सांगत. मी ती खात नसे. आज वाटतं, खायला हवी होती.

पुढच्या वर्षी माझं लग्न तुमसरकडच्या घरी झालं. घर चांगलं, नवरा समजूतदार. त्याच्याविषयी माझी एक अक्षराची तक्रार नाही, आणि हे मी त्याच्या भीतीने लिहीत नाही, तो आता नाही. सुख नव्हतं असं नाही. पण संसारात एखाद्या निवांत दुपारी मनाचं एक दार उगीच करकरायचं. ते बंद करून मी कामाला लागायचे.

स्वातंत्र्य यायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी माहेरी आले होते. मावशीला छोट्या लाईनीच्या गाडीत बसवून द्यायला मी स्टेशनावर गेले. मावशीची पेटी आत सरकवून मी खाली उतरले, तर समोर तो, सौंदडचा. मध्ये बरीच वर्षं गेली होती, पण मी लगेच ओळखलं. त्यानेही ओळखलं. शेजारच्या डब्यात खिडकीशी त्याची बायको बसली होती, मांडीवर पोर, पायाशी भांड्यांचं गाठोडं. चेहरा शांत, गोड होता. तिला पाहून मला राग यावा असं काहीच तिच्यात नव्हतं.

“तुम्ही बडे बाबूची थोरली ना?” त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने घरच्यांची चौकशी केली. मी शाळेचं विचारलं.

“शाळा कधीचीच सोडली,” तो म्हणाला. “मिलमध्ये मुनीम आहो आता.”

“काऊन?”

तो हसला, जुनी गोष्ट सांगताना माणूस हसतो तसा. “तुमच्याकडून पत्रिका परत आली ना. मी लय दिवस इचार करत राहिलो, माह्यात काय कमी दिसलं असन. मंग वाटलं, शहरातल्या लोकाले खेड्यातला मास्तर कायले पाहिजे? मंग मास्तरकीत मनच लागे ना. पोरं आवडत होती, पन सोडली.”

गाडीला अजून वेळ होता. मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती पोराला पाणी पाजत होती, तिला आमचं बोलणं ऐकू जात नव्हतं. गप्प बसावं असं मला एकदा वाटलं. पण हा माणूस आमच्या घराने नाकारलेला म्हणून स्वतःकडे पाहत आला होता, त्यापायी आवडतं काम सोडून बसला होता, आणि हे सगळं खोटं होतं. माझ्याने राहवलं नाही.

“तुमच्यात काहीच कमी नव्हतं,” मी म्हणाले. “बाबूजी माघात नारळ घेऊन तुमच्या घरी आले होते. तुमचं साक्षगंध आदल्या दिवशी झालं होतं. पत्रिका त्यायनं नक्कल ठेवून परत केली होती, कचेरीच्या रिवाजानं. नकार नव्हता तो.”

त्याने विचारलं, “नारळ घेऊन?”

“हो.”

“माह्या बानं मले सांगतलं नाही.” त्याने खिडकीकडे पाहिलं. बायकोने हाताने खूण केली, या आता. गार्डने शिट्टी दिली. तो दोन पावलं गेला आणि पुन्हा वळला. त्याच्या चेहऱ्यावरचं मघाचं हसू पार गेलं होतं.

“इतके दिवस नाही सांगतलं,” तो म्हणाला, “मंग आता तरी कायले सांगतलं?”

गाडी सुटली. आमच्या घरचा होकार एकदा तरी त्याच्या कानावर पडायला हवा होता, एवढंच मला वाटलं होतं, आणि तो त्याच्या कानावर पडल्यावर त्याचं काय करायचं हे त्यालाही कळलं नाही आणि मलाही.